चिमाचा चौथरा

चपला ह्या पाण्याच्या पाटाच्या अलीकडं काढा आणि पाय धुवा. राखेचं मडकं तिथंच आहे, तळव्यांना राख चोळून घ्या. देवळात एकवेळ तसेच शिरलात तरी देव चालवून घेईल, आमचा पानमळा चालवून घेणार नाही. बाहेरची माती आत आली की काय होतं, ते आमच्या सावरठाण गावानं एकदा भोगलंय.

आता समोर बघा. पांगाऱ्यावर, शेवग्यावर चढलेल्या वेलींनी ऊनसुद्धा गाळून घेतलंय. आणि एवढ्या हिरव्याच्या मधोमध हा काळा चौथरा. ह्याच्यावर गवताची काडी उगवत नाही. हरळी किती चिवट, दगडाच्या फटीतून वर येते. लव्हाळा तर उपटावा तेवढा वाढतो. पण दोन्ही तणं चौथऱ्याच्या कडेपर्यंत येतात आणि तिथनं मागं वळतात. कुणी खुरपत नाही, कुणी औषध मारत नाही.

फार जुनी गोष्ट सांगतात. तेव्हा गावात मुलगी जन्मली की बारशाला तिच्या नावाची वेल मळ्यात लावायचे. वेल आणि मुलगी, दोघींचा जीव एक, असा समज. वेल फोफावली की म्हणायचे, पोर अंगानं भरली. नावाच्या वेलीचं पान खुडायचं नाही, तिला विळा लावायचा नाही.

एका वर्षी बाहेरच्या मातीबरोबर मळ्यात मर शिरली, मुळं कुजवणारा रोग. सकाळी टवटवीत असलेली वेल संध्याकाळी उकडल्यासारखी लोंबायची. बुंध्याशी उकरलं की मूळ काळं, गिळगिळीत, आणि वास असा की नाक धरावं. असली वेल मुळासकट, मातीसकट काढून जाळायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साध्या वेली लोकांनी काढल्याही. पण नावाच्या वेलीला हात कोण लावणार? लेकीच्या नरड्याला नख लावल्यासारखं ते. उलट त्या आजारी वेलींना बायका हळदीच्या पाण्यानं न्हाऊ घालायच्या, दूध ओतायच्या, पाया पडायच्या. ते न्हाण वाफ्यातून पाटात, पाटातून पुढच्या वाफ्यात. माया करून करून मळा मारत होते. आणि आमची बाकीची जमीन सगळी मुरूम. मळा गेला असता तर गाव उठलं असतं.

मर ह्या पाण्यातनं पसरतेय, हे ठकूबाई नावाच्या विधवेच्या ध्यानात आलं. ती दारोदार सांगत सुटली, नावाच्या वेली उपटा. मळ्याचा कारभार हैबती म्हेत्रे नावाच्या म्हाताऱ्याकडं होता. त्यानं तिला एवढंच विचारलं म्हणे, "ठके, तुझ्या चिमाची वेल कशी आहे?"

ठकूबाई खाली मान घालून घरी आली. चिमा तिची एकुलती एक, लग्न ठरलेली.

"आये, दुसऱ्यांच्या लेकी उपटायला निघालीस होय?"

"गप बस."

"आपल्या वेलीचं मूळ बघितलं मी. काळं पडलंय."

"तुला कुणी सांगितली होती माती उकरायला?"

"सांगायला कशाला पाहिजे? वास अंगणात येतोय."

ठकूबाईनं कुदळ घेतली आणि वेलीपाशी जाऊन बसली. पण हात उचलेना. तेव्हा मागोमाग आलेल्या चिमानं तिच्या हातातली कुदळ काढून घेतली. "सर बाजूला. माझा जीव आहे ना हिच्यात? मग मीच काढते."

पाटाच्या पलीकडून हैबती ओरडला, "पोरी, थांब! मरशील!"

"आजा, तुमच्या नातीची वेल पुढच्याच वाफ्यात आहे. हिचं पाणी तिकडंच चाललंय."

हैबती पाटाच्या काठावरच थबकला.

चिमानं मूळ न् मूळ काढलं, खालची माती काढली, सगळं टोपलीत भरून ह्या चौथऱ्यावर आणलं. तेव्हा इथं बसून पानं निवडायचे. तिनं जाळ लावला. ओली वेल, नुसता धूर व्हायचा. पण म्हणतात, धुराची रेघही निघाली नाही. ज्योत सरळ वर उभी राहिली. वारा पडलेला होता, तरी मळ्यातलं पान न् पान चौथऱ्याकडं वळलं. गाव पाटापाशी गोळा झालं. ज्योतीकडं कुणी बघेना, सगळे पोरीच्या छातीकडं बघत होते, श्वास चालू आहे का ते.

जाळ खाली बसला. राख निवली. चिमा तशीच बसलेली, पापणीसुद्धा हलेना. म्हातारा हैबती कधी कुणापुढं वाकला नव्हता. त्यानं पायतण काढलं, पाटात पाय धुतले आणि हात जोडून आत आला.

तेव्हा चिमानं वर बघितलं.

"आये, भाकरी आहे का गं? भूक लागली."

मग बाया पळत सुटल्या. सगळ्यांत पुढं हैबतीची सून. दिवस मावळायच्या आत गावातल्या नावाच्या सगळ्या वेली ह्या चौथऱ्यावर जळाल्या. एकाही मुलीच्या केसाला धक्का लागला नाही, आणि मर जिथं होती तिथंच थांबली.

पुढं चिमाचे होणारे सासरे लग्नाची तिथी धरायला आले. वेल जाळल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, "मुलगी करतो. पण नाव बदलूनच घरात घेऊ. जळलेलं नाव आमच्या उंबऱ्यात नको."

चिमा बोलली. "मामंजी, माझं नाव मी जाळात घालून बघितलं. राहिलं. आता ते कुणी बदलायचं नाही."

सासरे ह्या चौथऱ्यापाशी आले, वाकून राख बघितली म्हणे. मग म्हणाले, "चिमाबाई, चला."

आजही सावरठाणच्या लेकीचं लग्न लागलं की तांदळाचं ताट ह्या चौथऱ्यावर ठेवतात. नवरा अंगठीनं तांदळात नाव लिहितो, आणि लिहायचं ते तिचंच, बारशाला ठेवलेलं. वरपक्षातलं कुणी कुरकुरलं तर आम्ही वाद घालत नाही. त्याला पुढं घेतो आणि ह्या दगडावर हात टेकायला लावतो. दगड अजून कोमट लागतो. माणूस हात काढून घेतो आणि ताट पुढं सरकवतो.