लाली नसलेला चट्टा

खूप जुनी गोष्ट आहे. डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं आणि तिथे एक नावाजलेले वैद्य होते. खाजेचा रोगी आला की ते त्याच्या चट्ट्याजवळ जास्वंदीचं फूल धरत. चट्टा फुलासारखा लाल दिसला, तरच औषध देत. हे त्यांना त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं. आणि त्या गुरूंनी आयुष्यभर राजवाड्यातली गोरीपान माणसंच तपासली होती.

एकदा टोपल्या विणणारी एक बाई आपल्या काळ्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या कोपरांवर, गुडघ्यांवर जाड चट्टे होते. रंग जांभळट करडा, आणि वरून पांढरा कोंडा सुटत होता.

"सारखं खाजतं हो, वैद्यबुवा," आई म्हणाली. "आता बोटंही सुजायला लागलीत. बोटं गेली तर ही विणणार कशी?"

वैद्यांनी फूल धरलं. "लाली कुठे आहे? मळ आहे हा, बाई. घासून आंघोळ घाला."

आईने ऐकलं. ती रोज मुलीला काथ्याने घासू लागली. चट्ट्यांतून रक्त यायचं आणि ते आणखी पसरायचे. पाणवठ्यावर पोरी हसायच्या, "काय गं, अजून निघाला नाही का तुझा मळ?" मुलगी पदराखाली हात लपवायची. आई पुन्हा वैद्यांकडे जायची. पुन्हा फूल, पुन्हा तेच उत्तर.

वर्षं गेली. म्हातारपणी वैद्यांचे डोळे गेले. आता ते रोग्याला हाताने चाचपून बघत.

एके दिवशी त्यांचा हात एका कोपरावर थांबला. "केवढं तापलंय हे! कातडी जाड झालीय, बोटंही आखडलीत. पोरी, हा फार जुना रोग आहे. इतकी वर्षं होतीस कुठे?"

"तुमच्याच दारात येत होते, बुवा. तुम्ही मळ म्हणालात."

मग वैद्यांनी लेप दिला, काढा दिला. खाज थांबली, चट्टे मऊ पडले. पण वाकलेली बोटं सरळ झाली नाहीत. त्या मुलीला पुन्हा कधीच टोपली विणता आली नाही.

लेप लावताना आईने हळूच विचारलं, "मी घासायचे, तेव्हा फार दुखायचं का गं?"

"नाही गं आई," मुलगी म्हणाली.

ती खोटं बोलतेय हे आईला कळलं. ती लेप लावत राहिली.

बोध: एकाच्या अंगावर दिसणारी खूण दुसऱ्याच्या अंगावर शोधत बसू नये; ज्याला दुखतंय, त्याचं ऐकून त्याचंच अंग नीट पाहावं.