तात्यासाहेबांचं कुलूप

दार वाजलं तरी दचकणाऱ्या केतकीच्या हातून त्या दिवशी पळीच सुटली. बालवाडीच्या दारात संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब खर्डेकर उभे होते, हातात नवंकोरं कुलूप घेऊन.

"बाई, आजपासून मैदान बंद. तिथं माझी गाडी राहील. उड्या मारून कुणाचं भलं झालंय? पोरांना बसवून पाढे म्हणून घ्या."

आत मटकीची उसळ आणि भाकरीची पंगत बसत होती. केतकी पळी उचलत म्हणाली, "बरं साहेब. पण आलेल्या पाहुण्यानं पंगतीत जेवायचं आणि हात न टेकता उठायचं, अशी इथली रीत आहे."

"शेंबड्या पोरांना जमतं ते मला जमणार नाही होय?" म्हणत तात्यासाहेबांनी मांडी घातली आणि उसळ दोनदा मागून घेतली.

जेवणं झाली. पोरं लाह्यांसारखी टणाटण उठली. तात्यासाहेब पुढे झुकले, मागे झुकले, त्यांनी हात टेकूनही पाहिले, पण बूड काही हलेना.

"अहो बाई, बघताय काय? उठवा की."

"उठवतो ना आम्ही, साहेब. पोरं रोज पळतात, त्यांच्यात बळ आहे. पण मैदान गेलं आणि ही पोरं तुमच्या वयाची झाली, की त्यांना कोण उठवणार?"

तात्यासाहेबांनी कुलूप खिशात टाकलं आणि दोन्ही हात पोरांपुढे केले.

आता त्यांची गाडी लांब वेशीपाशी उभी असते. तात्यासाहेब तिथून चालत येतात, नेमके उसळीच्या वेळेला.