हिनोसेच्या नगराध्यक्षाचा पेला

हिनोसे हे जपानातलं लहानसं शहर. वस्ती एकतीस हजार, नगरपालिकेची तीन मजली इमारत, अठरा नगरसेवक, एक नगराध्यक्ष. कारभार चोख. पण नवा नगराध्यक्ष निवडून आला की खुर्चीत बसण्याआधी त्याला खालच्या आळीच्या विहिरीचं पाणी सगळ्यांदेखत प्यावं लागतं. पाहुण्यांना याची गंमत वाटते. गंमत वाटण्यासारखं त्यात काहीही नाही.

असे सांगतात, की पूर्वी इथे नुसतं खेडं होतं आणि गेनेमोन त्याचा मुखिया होता. वरच्या आळीत त्याच्या सख्ख्या भावाचे कापड रंगवायचे हौद होते. त्यांची सगळी घाण ओढ्याने खालच्या विहिरीत उतरायची. खालच्या आळीत ओताने नावाची म्हातारी नातीला घेऊन राहायची. ते पाणी पिऊन नात मित्सु अंथरुणाला खिळली. हौद बंद करा, असा अर्ज ओतानेने लिहून घेतला आणि कचेरीची पायरी चढली.

"आजी, मुखिया कामात आहेत. उद्या या," कारकून म्हणाला.

हा उद्या तिला एकवीस वेळा मिळाला, म्हणे. मुखियाचं काम तिला दारातून दिसायचं. मेला चहा पीत बसलेला असायचा! बाविसाव्या दिवशी मित्सु गेली.

ओताने रडली नाही. ती पेटली. कचेरीची रीत तिला आता पाठ झाली होती. तक्रार दारातच अडायची, स्तुती मात्र थेट आत जायची, आणि मुखिया न वाचताच शिक्का मारायचा. शिक्का पडलेला कागद चौकात वाचला गेला की तो हुकूम. मग खुद्द मुखियालाही तो मोडता येत नसे. तिने देवळातल्या भिक्षूकडून नवा कागद लिहून घेतला. मथळा होता, 'मुखियांच्या थोर कारभाराची स्तुती'. कारकुनाने तो हसत हसत आत नेला.

चौकात त्यानेच तो मोठ्याने वाचला. दोन ओळी स्तुतीच्या झाल्या. तिसरी होती, 'असे थोर मुखिया आणि त्यांच्यामागून येणारा प्रत्येक कारभारी आधी खालच्या आळीचं पाणी पितील.' कारकुनाची बोबडी वळली. ओताने पेला भरून समोर उभीच होती.

गेनेमोन प्यायला आणि तिथेच ओकला. त्याच दिवशी त्याने भावाचे हौद फोडायला लावले.

"झालं ना तुझ्या मनासारखं? आता तरी वाकून नमस्कार कर," तो म्हणाला.

"माझी नात उठून बसू दे, मग वाकते."

आजही हिनोसेत लहानथोर सगळे एकमेकांना वाकून नमस्कार करतात. फक्त नवा नगराध्यक्ष पाणी पितो त्या दिवशी पेला देणारी खालच्या आळीची बाई वाकत नाही. नगराध्यक्ष कमरेतून वाकतो, आणि तो शेवटचा घोट घेईपर्यंत ती त्याच्याकडे रोखून बघत उभी राहते.