नामीची पाठपाहणी

फार वर्षांपूर्वी, खाडीचं पाणी अजून देवळाच्या पायरीपर्यंत यायचं त्या काळी, मिठागरावरच्या नामीची झोप एका तिळानं उडवली होती. तीळ तिचा नव्हता. नवऱ्याच्या, पोशाच्या पाठीवरचा होता. नामी जात्याच काळजीखोर. लेकरू शिंकलं तरी ती अंगारा शोधायची, आणि मग आपणच आपल्याला हसायची. म्हणून याही वेळी तिला वाटलं, आपलंच मन खुळं. पण तीळ वाढत होता, कडेनं वेडावाकडा पसरत होता, चिघळत होता. उघड्या पाठीनं उन्हात मीठ ओढणाऱ्या पोशाला तो दिसतच नव्हता.

आधी पाल्याचा लेप झाला. मग तापल्या सळईचा डाग झाला. वरून जखम भरली, तसा पोशा म्हणाला, "बघ, उगाच रडत होतीस." पावसाळा सरला आणि त्याच जागी काळं परत वर आलं.

तेव्हा नामीनं खाडीपलीकडच्या देवजी न्हाव्याला आणलं. गळवं कापण्यात त्याचा हात हलका होता. तो म्हणाला, "काळं दिसतंय तेवढं काढतो."

नामी चाचरत म्हणाली, "मला काय कळतंय म्हणा, पण मिठात चिखल वर आला की आम्ही भोवतालचं पांढरं मीठपण उचलतो, खालनंही खरवडतो. नाहीतर तो परत येतो."

"पाठ माझी हाय, मिठागर नाय!" पोशा ओरडला.

"तुम्हाला दिसते का तुमची पाठ? मग गप पडा."

देवजीनं भोवतालची दोन बोटं चांगली कातडीही घेतली. त्यानं पापुद्रा काढायचा, नामीनं कडा निरखायची, कुठं काळं उरलं तर तिथं पुन्हा सुरी. असं म्हणतात, पोशाच्या ओरडण्यानं उडालेले बगळे थेट पलीकडच्या गावात उतरले. असं म्हणतात, काम संपेस्तोवर सूर्य खाडीवरून हललाच नाही. ज्या उन्हानं पाठ जाळली, त्यालाच नामीनं हाती दिवा देऊन उभं केलं.

पोशा बरेच दिवस पालथा पडून होता, पण वाचला.

अजूनही तिथं हंगामाचं पहिलं मीठ ओढण्याआधी नामीच्या नावानं पाठपाहणी होते. पुरुष बांधावर, बायका आडोशाला, एकामागे एक बसतात आणि पुढच्याची पाठ बघतात. बदललेला तीळ दिसला तर लेप नाही, डाग नाही. माणसाला सरळ तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. तिथं तिळाचा तुकडा तपासायला जातो. मग कुणाला औषध, कुणाला किरणांचा शेक. कापायची वेळ आली तर डॉक्टर कडेची चांगली कातडीही घेतात, आणि गावात माणसं म्हणतात, "नामीचंच ऐकलं."

पहिली पाठपाहणी मात्र तिच्याच अंगणात झाली. पोशा हिंडूफिरू लागल्यावर नामीनं घरातल्या सगळ्यांना उन्हात बसवलं. सासऱ्याची पाठ पाहिली, दिराची पाहिली, पोशाची तर दोनदा. शेवटी धाकट्या लेकाची, हिरूची. कुठं काही नव्हतं. नामीनं हुश्श केलं आणि चुलीकडे जायला उठली. हिरूनं तिचा पदर धरला.

"बस ना, आये. आता तू पाठ कर इकडं."