काजळ्याचा घास

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नये. मोजणारे मेले आणि गोष्ट राहिली. त्या काळी मटण पिशवीत मिळत नव्हतं. ते आधी माळावर चरायचं, त्याला नाव असायचं, आणि हाक मारली की मान वळवून बघायचं. हे ऐकून ज्याचा घास जड होतो त्यानं भाजी खावी. बाकीच्यांनी ऐकावं.

माणदेशाच्या कडेला हिवरतळ नावाचं गाव होतं. गावामागं बोडकी नावाचा डोंगर. डोंगर कसला, देवानं दगड फोडून ढीग घातलेला. तिथं नांगर चालत नाही, बैल चढत नाही, गाय नुसती खालून बघते. चार बोरी, चार बाभळी, कुठं हिवर, आणि बाकी काटे. त्या बोडकीवर ठकू धनगरीण शेळ्या चारायची. नवरा गेलेला, पोटी मूल नाही, मागंपुढं सगळ्या शेळ्याच. खांद्यावर घोंगडं, हातात फांद्या ओढायची आकडी. प्रत्येक शेळीला नाव होतं आणि प्रत्येकीच्या वाटणीची शिवी होती. असं म्हणतात, ठकूनं शिवी हासडली की वाट चुकलेलं करडू टेकडीपलीकडून धावत यायचं.

लोक विचारायचे, "एवढा जीव लावतीस आणि मग कापायला देतीस. कसं जमतं गं तुला?"

ठकू म्हणायची, "जीव न लावता खायला तुम्हाला जमतं, ते कसं?"

ती बोकड खायलाच पाळायची आणि ते लपवत नव्हती. पण खाताना बोलायची नाही, आणि हाड चोखून लख्ख केल्याशिवाय खाली ठेवायची नाही.

तिच्या कळपाचा धनी होता काजळ्या. पैदाशीचा बोकड, म्हातारा, काळाकुट्ट, दाढी छातीपर्यंत आलेली. आधी त्याचा वास गावात यायचा, मग तो यायचा. बोडकीच्या कड्यावर मांजराला जिथं पाय ठेवता येणार नाही, तिथं काजळ्या उभा राहून रवंथ करायचा.

गावचा पाटील होता सुभानराव. माणूस वाईट नव्हता, पण जीभ मोठी होती, खायलाही आणि बोलायलाही. असं म्हणतात, पहिल्या घासालाच तो सांगायचा, बोकड कुठल्या बाजारचा, मसाला कुणी वाटला, आणि वाटताना ती बाई कुणावर चिडलेली होती. पाटलानं चांगलं म्हटलं की सगळ्या मुलखानं चांगलं म्हणायचं.

त्या साली पाटलानं ओढ्याकाठी आंब्याची बाग लावली. घागरीघागरीनं पाणी घालून रोपं गुडघ्याएवढी केली. एका दुपारी बोरीखाली ठकूचा डोळा लागला. तेवढ्यात काजळ्यानं बागेचं कुंपण उडी मारून पार केलं, कळप त्याच्या मागं, आणि ठकू धापा टाकत खाली पोचली तेव्हा बागेत नुसत्या काटक्या उभ्या होत्या.

पाटलानं वडाखाली गाव गोळा केलं.

"शेळी म्हणजे चार पायांची कुऱ्हाड," तो म्हणाला. "गाय बैल देते. मेंढी घोंगडं देते. ही काय देते?"

"दूध देते की," एक म्हातारी म्हणाली. "माझी नात त्याच्यावरच जगली."

"वाटीभर. आणखी?"

"लेंडीखत," कुणीतरी बोललं.

"ते मेंढी पण देते. आणखी?"

"मटण," मागून आवाज आला.

पाटील थांबला. मिशीवरून हात फिरवला. "मटण. बरं. एवढ्या नासाडीच्या बदल्यात एक मटण. ते त्या लायकीचं आहे का नाही, खाऊन ठरवू. असलं तर शेळ्या राहतील. नसलं तर अमावास्येनंतर शेळीचं खूर शिवेच्या आत दिसता कामा नये."

इमाम मुलाणी गावचे बोकड कापायचा. त्यानं विचारलं, "पण ठरवणार कोण, पाटील?"

"गावात जीभ कुणाला आहे?"

लोक हसले. ठकूनं विचारलं, "कुठला देऊ?"

पाटलानं काजळ्याकडे बोट केलं, आणि हसणं जागच्या जागी थांबलं. कारण पैदाशीचा म्हातारा बोकड कुणी खात नाही. मांस वहाणेच्या चामड्यासारखं, वर उग्र दर्प. कोवळा खच्ची बोकड मागितला असता तर तो न्याय होता. हा निकाल आधी लागलेला होता, पंगत नंतर बसायची होती.

इमाम म्हणाला, "पाटील, तो खायचा बोकड नाही."

"मटण ते मटण."

ठकूच्या मनात आलं, कळप घेऊन आत्ताच निघावं. पण जायचं कुठं? पुढच्या गावात पुढचा पाटील. नाही म्हटलं तर कळप जातो. हो म्हटलं तर काजळ्या जातो, आणि बहुतेक कळपही जातो. तिनं काजळ्याकडे बघितलं. तो वडाची पारंबी खात होता.

"न्या," ती म्हणाली. "पण मी वाढवलाय. शिजवणार मी."

पाणी पाजल्याशिवाय इमाम सुरीला हात लावत नसे. ठकूनं आपल्या ओंजळीनं पाजलं. मग काजळ्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. काय ते कुणाला कळलं नाही, शिवीच असावी. असं म्हणतात, दावं ओढायची वेळ आली नाही, काजळ्या आपल्या पायानं चालत गेला. त्या वेळी बोडकीवर एकही शेळी ओरडली नाही.

ठकूनं मोठं पातेलं चढवलं. खाली बोडकीवरच्याच बाभळीची लाकडं. कांदा, खोबरं, तीळ भाजून वाटले, थोडं दगडफूल, हळद आणि मीठ. याच्यापलीकडं काही नाही. दिवसभर ती पातेल्याशी बसून राहिली, कुणाला पळी लावू दिली नाही. लोकांना वाटलं, आता दर्प सुटणार आणि गाव नाक धरणार. दिवस कलला तसा वास सुटला खरा. पण तो काजळ्याचा नव्हता. असं म्हणतात, शेजारच्या गावची माणसं दारात येऊन उभी राहिली आणि एकमेकांना विचारू लागली, आज सण कुठला?

पंगत बसली. पहिलं पान पाटलाचं. ठकू पळी घेऊन समोर उभी राहिली. ती पाटलाच्या तोंडाकडे बघत नव्हती, डोळ्यांकडे बघत होती. घास आत गेला आणि पाटलाचे डोळे मिटले. आचळ सापडल्यावर करडाच्या तोंडावर जे येतं ते पाटलाच्या तोंडावर आलं. मऊ होतं. ठकूला दिसलं, मऊ आहे.

मग पाटलानं डोळे उघडले. समोर ओढा होता, ओढ्याकाठी काटक्या झालेली बाग होती, आणि भोवती अख्खं गाव कान लावून बसलं होतं.

"वातड," पाटील म्हणाला.

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, असं सगळा मुलूख बोलतो. हिवरतळची माणसं म्हणतात, ते आमच्या पंगतीत जन्मलं.

शब्द तोंडातून गेला आणि घास तोंडात राहिला. पाटील चावायला लागला. चावतोय, चावतोय, घास तुटेना. गिळावा तर गळ्यात उतरेना, थुंकावा तर ओठाबाहेर येईना. बाकीच्यांच्या पानात तेच मटण जिभेवर विरघळत होतं. पंगत उठली तरी पाटील चावत होता. दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं चिमटा लावला. दात आला, घास आला नाही. वैद्य आला, तोंडात बघितलं, आणि वहाणा घालून परत गेला.

पाटलाला भाकरीचा कुटका खाता येईना. गाईचं दूध पाजलं तर दोन्हीकडून ओघळून बाहेर. शेवटी पाटलीणबाई वाटी घेऊन ठकूच्या शेळ्या कोंडायच्या वाडग्यावर आली. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला.

"ठके, शेळीचं पाजून बघते."

ठकूनं वाटी हातात घेतली. मग शेळीखाली बसली. "रोज न्या वहिनी. रागावलेय ती मी, शेळी नाही. दूध शेळीचं आहे."

ते तेवढं घोटघोट उतरलं. शेळीच्या दुधावर पाटील जगला.

अमावास्या आली. शब्द फिरवायला पाटलाच्या तोंडात जागा नव्हती, म्हणून शब्द उभाच होता. पहाट फुटल्यावर ठकूनं घोंगडं झटकलं, कळप बाहेर काढला आणि शीव ओलांडायला बोडकीची वाट धरली. अर्ध्या चढावर मागं दगड घरंगळल्याचा आवाज आला. वळून बघते तर पाटील. पटका सुटलेला, गाल सुजलेला, दोन्ही हात जोडलेले.

ठकूला वाटलं, एक शिवी द्यावी आणि पुढं जावं. पण शिवी ती फक्त आपल्या जनावरांना द्यायची.

"पाटील," ती म्हणाली, "हा घास काजळ्याचा आहे. बसून मऊ व्हायचा नाही. काजळ्या जिथं जिथं चरला, तिथं चाला."

आणि पाटील चालू लागला. शिवेच्या आत खूर नको, हा पाटलाचाच हुकूम; पण पाटीलच खुरांमागं चालतोय म्हटल्यावर हटकणार कोण? असं म्हणतात, बोरीखाली आल्यावर त्याच्या तोंडात बोरीच्या पाल्याचा तुरटपणा उतरला आणि घासाचा एक धागा सैल झाला. बाभळीखाली शेंगांची चव आली, आणखी एक धागा सुटला. कड्याच्या कपारीत गवताची एक काडी उगवलेली होती. पाटील गुडघे फोडून घेत तिथं चढला, आणि त्या एका काडीची चव त्याच्या जिभेवर अशी आली की तो तिथंच हात टेकून बसला.

त्यानं खाली बघितलं. त्याचं शेत तळहाताएवढं, गाव मुठीएवढं, आणि ही बोडकी आभाळाएवढी पसरलेली. एवढ्या डोंगरानं गावाला एक दाणा कधी दिला नव्हता. जे दिलं ते शेळीच्या तोंडातून दिलं. दगडाचं दूध आणि काट्यांचं मटण. पाटलानं ते जन्मभर खाल्लं होतं. ते तयार होताना पहिल्यांदा बघत होता.

पावसाळा गेला, थंडी गेली, पाटलाच्या वहाणा झिजून गेल्या. घास झिजत झिजत जिभेखाली एका तंतूएवढा राहिला. पण तो जाईना. बोडकीवर असं एक झाड उरलं नाही जिथं पाटील उभा राहिला नव्हता.

ठकूनं विचार केला. मग आकडी फिरवली, कळप खाली वळवला, गावातून नेला आणि ओढ्याकाठच्या बागेच्या कुंपणाशी उभा केला.

"आत जा," ती पाटलाला म्हणाली.

पाटील आत गेला. काटक्यांमध्ये उभा राहिला. कोवळ्या आंब्याच्या पाल्याची चव त्याच्या तोंडात भरली, त्याच्याच हातानं लावलेल्या, त्यानंच पाणी घातलेल्या आंब्याची. आणि तो शेवटचा तंतू लोण्यासारखा विरघळला. त्यानं खाली बघितलं तर काटक्यांच्या बुडाशी तांबूस पालवी फुटत होती.

"ठके," पाटील म्हणाला. किती महिन्यांनी आवाज आला होता.

"बोला."

"मऊ होतं."

"माहीत आहे."

"पहिल्याच घासाला."

"मी डोळे बघत होते, पाटील."

पाटलानं पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं. "चल गावात."

"कळपासकट?"

"मग काय मला एकट्याला चारणार आहेस?"

ठकू हसली नाही. पण आकडी तिनं खांद्यावर टाकली. "कुंपण तेवढं नीट घाला," ती म्हणाली. "शेळ्या आहेत त्या. साधू नव्हेत."

पुढं ठकू खूप म्हातारी झाली. एके दिवशी शेळ्या घेऊन बोडकीवर गेली आणि संध्याकाळी शेळ्या एकट्याच उतरल्या. असं म्हणतात, त्या वाडग्याकडे गेल्याच नाहीत. गावात शिरल्या आणि एकेका दारासमोर एकेक उभी राहिली. ज्या घरात तान्हं मूल होतं तिथं दुभती, ज्या घरात लग्न ठरलेलं होतं तिथं बोकड. गावानं बोडकी पिंजून काढली. कड्यावर काजळ्याच्या जागी घोंगडं घडी घालून ठेवलेलं सापडलं. ठकू सापडली नाही.

हिवरतळला आजही लग्नाचा असो, जत्रेचा असो, बोकड कापायच्या आधी पाळणारा उभा राहतो. जनावराचं नाव सांगतो आणि ते कुठं चरलं ते सांगतो. नाव नसलेल्या बोकडाला इमामच्या घरचा माणूस अजून सुरी लावत नाही. मग ठकूआईचं नाव घेऊन सगळे पहिला घास न बोलता खातात. आणि तो शब्द तिथं कुणी उच्चारत नाही, लहान पोरसुद्धा.

एखादा तुकडा चिवट निघतोच. बोकड आहे तो, लोणी नव्हे. बाहेरगावचा पाहुणा तोंड वाकडं करतो, काहीतरी बोलायला जातो. तेवढ्यात शेजारचा माणूस त्याच्या पानात गरम रस्सा ओततो, बोडकीकडे एकदा बघतो आणि म्हणतो, "अजून थोडं चालायचं राहिलंय, पाव्हणं."

आणि पाहुणा गप्प बसून चावत राहतो.