चार सर्व्हर, एकच हुकूम

"मास्तर, त्या उल्काला आजच्या आज काढताय, की मी जाऊ?"

यशोधनने दारातूनच विचारलं. तळपायाची आग मस्तकाला गेली होती त्याच्या. का जाणार नाही? मिरजेच्या त्यांच्या लोककला संग्रहात कृष्णात गोंधळ्याचा आवाज जपून ठेवलेला. म्हातारा कधीच गेला, आणि तो आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. सकाळी उल्कानं भलतंच फोल्डर पुसलं नि सगळं होत्याचं नव्हतं झालं.

नोकरीला नवीन लागलेली पोर ती. कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे सुजवून बसली होती.

"बस," दस्तगीर मास्तर म्हणाले. संगणकावरच्या युनिक्सचा ओ की ठो कळत नव्हता, तेव्हापासून यशोधन त्यांच्या हाताखाली शिकलेला.

"बसायची वेळ आहे का ही? आवाज गेला, मास्तर!"

"किती सर्व्हरांवर होता?"

"चार! एकावर काही बदललं की मिनिटाभरात बाकीचे तीन तस्सेच. तसूभर फरक नाही. अख्ख्या जिल्ह्यात असं काम कुणी करून दाखवावं!"

एवढ्या संतापातही गडी स्वतःची पाठ थोपटायला विसरला नाही, बघा.

"एक प्रत या सगळ्यातून बाहेर ठेव, म्हणालो होतो."

"ती जुनी पडली असती. चौघांशी मेळ बसला नसता तिचा."

"हं..." मास्तर उल्काकडे वळले. "तू किती सर्व्हरांवरचं पुसलंस, बेटा?"

"एकावरचंच, मास्तर. चूक माझीच आहे."

"ऐकलंत?" यशोधन उसळला. "स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय!"

"मग उरलेल्या तिघांवरचं कुणी पुसलं?"

"कुणी म्हणजे? ते आपोआप..."

मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली. त्यांचा आवाज चढलेला आजवर कुणी ऐकला नव्हता.

"आपोआप गवत उगवतं, गाढवा! इथलं गेलं की तिथलंही पुसा, हा हुकूम कुणाचा? त्या बिचाऱ्या यंत्रांचा? त्यांनी इमानानं पाळला!"

"पण सुरुवात तिनं केली! मी का म्हणून..."

"बोल. थांबलास का?"

यशोधनचे कान लालबुंद झाले होते. दात-ओठ खात तो खिडकीकडे बघत राहिला.

मास्तर उठले. एक खुर्ची फरफटत आणून त्यांनी उल्कासमोर ठेवली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. यशोधनचा खांदा धरून त्याला तीत बसवलं.

"तिनं पुसलेलं मिनिटाभरात तीन ठिकाणी पोचवलंस," ते म्हणाले. "आता 'चूक माझी' म्हणालीय ती. या खुर्चीवरून त्या खुर्चीवर ते कधी पोचतंय, बघतो मी."