लिंबाजीचे लोखंडी रसग्रहण

विषय : श्री. लिंबाजी ढोणे, हंगामी शिपाई, यांना वाचनालयाच्या सेवेत कायम करणेबाबत.
संदर्भ : ‘लोखंडी जावई’ या यंत्रमानवाच्या टीव्ही मालिकेवरील रसग्रहण वर्ग.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, चिंचबारी नावाच्या गावात एक भोळा शिपाई होता. अकरा वर्षे तो हंगामीच होता. वाचनालयाने रसग्रहण वर्ग काढला, तेव्हा दहा विद्यार्थी हवे होते आणि नऊच मिळाले. समिती म्हणाली, “लिंबाजी, तू दहावा. प्रमाणपत्र आण, तुला कायम करतो.”

लिंबाजी पहिल्या बाकावर बसला. शिकवायला तालुक्याहून निमकर मॅडम येत. दर शनिवारी त्या मालिकेचा एक भाग दाखवीत आणि मग समजावून सांगत.

पहिल्या शनिवारी त्या म्हणाल्या, “हा यंत्रमानव जावई दारात उभा राहतो, तेव्हा कॅमेरा जमिनीवर ठेवलाय. मोठेपणा दाखवायचा तर खालून बघावं.”

सोमवारी निवृत्त हेडमास्तर पेपर वाचायला आले. लिंबाजी उंबऱ्यापाशी उताणा झोपला होता. गुरुजी अडखळले, चष्मा उडाला.

“लिंबाजी, काय रे हे?”

“तुमचा मोठेपणा बघतोय, गुरुजी.”

मॅडमच्या कानावर गेले. त्या म्हणाल्या, “अहो, माणसाचं मन चेहऱ्यावर दिसतं. त्यासाठी अगदी जवळ जायचं असतं.”

“आधी सांगायचं ना,” लिंबाजी म्हणाला.

त्याच आठवड्यात त्याच्या मेव्हणीला बघायला पाहुणे आले. पोहे फिरले. लिंबाजी उठला आणि मुलाच्या आईच्या नाकापासून चार बोटांवर आपले नाक नेऊन थांबला. बाईंचा घास तोंडातच राहिला.

“काय शोधताय, भाऊ?”

“मन.”

पाहुणे चहा न घेता गेले. मेव्हणी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मॅडमनी कपाळाला हात लावला. “लिंबाजी, प्रत्येक वेळी जवळ नसतं जायचं. जावई एकटा पडतो तेव्हा कॅमेरा कसा मागं मागं जातो, बघितलंत ना? एकटं माणूस लांबून बघावं.”

“लांबून. ध्यानात ठेवतो.”

रविवारी त्याची बायको शेवंता माळ्यावरून पापडांचा डबा काढत होती. शिडी घसरली. शेवंता तुळईला लोंबकळली.

“अहो, शिडी धरा.”

लिंबाजीने नीट पाहिले. ती एकटीच होती. तो मागे मागे चालू लागला. अंगण ओलांडले, रस्ता ओलांडला, समोरच्या पिंपळाला टेकला.

“अहो, निघालात कुठं?”

“इथून झकास दिसतेस,” त्याने ओरडून सांगितले.

शेवटी शेजाऱ्यांनी तिला उतरवले. पुढच्या शनिवारी वर्गात मॅडमच्या आधी शेवंता हजर. “बाई, ह्यांना प्रमाणपत्र द्या आणि सोडा. घरात अभ्यास नको.”

मॅडमनाही तेच हवे होते. प्रमाणपत्र हातात देताना त्या म्हणाल्या, “लांब-जवळ सगळं विसरा. एवढं लक्षात ठेवा. या मालिकेत यंत्रमानव कसा दाखवलाय? तोंडावर निळा प्रकाश, पापणी हलत नाही, आणि काही विचारा, उत्तर एकच.”

लिंबाजीने हे मात्र पाठ केले.

मग समितीची सभा भरली. अध्यक्ष बळवंतराव इनामके मध्यभागी बसले होते. मोबाईलचा निळा उजेड तोंडावर. पापणी हलत नव्हती.

“अध्यक्षसाहेब, छप्पर गळतंय.”

“बघू.”

“वाचनालयाला कपाट हवंय.”

“बघू.”

“लिंबाजीच्या आदेशावर सही राहिलीय.”

“बघू,” अध्यक्ष म्हणाले आणि न बघता सही केली.

आदेश शिक्का मारायला लिंबाजीकडे आला. शिक्के मारणे हे त्याचेच काम. अकरा वर्षांत त्याने बिनसहीच्या कागदावर कधी शिक्का मारला नव्हता. त्याने अध्यक्षांकडे बघितले, मग सहीकडे बघितले. शिक्का खाली ठेवून त्याने समासात सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला : “सही यंत्राची आहे. माणसाची सही घेऊन फेरसादर करावे.”

आणि कागद अध्यक्षांपुढे सरकवला.

शेरा वाचून अध्यक्षांनी वर्षभरात प्रथमच मान वर केली. कागद टेबलाच्या खणात टाकला, खणाला कुलूप लावले आणि पुन्हा मोबाईल उघडला.

त्यानंतर लिंबाजी रोज सकाळी अदबीने विचारतो, “साहेब, माझ्या आदेशाचं?”

“बघू.”

लिंबाजी वहीत नोंद करतो : “यंत्र अद्याप दुरुस्त झालेले नाही.”

प्रकरण प्रलंबित आहे.